जपानच्या छोट्या शहरात उतरल्यावर: नकाशा कुठे मिळतो आणि काय पाहायचं ते कसं ठरवायचं

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेलं आहे. त्या उद्यानात वर्षानुवर्षं जात असल्यामुळे मूळ बाग एकदा पाहायचीच, हे माझ्या मनात पक्कं होतं. पहिल्या जपान प्रवासात टोकियो आणि क्योटो झाल्यावर मी ओकायामाला मुक्काम केला, १७०० साली पूर्ण झालेली ती बाग पाहिली, आणि मग तिथूनच कुराशिकी, ओनोमिची, मात्सुए, हागी अशी एकेक लहान शहरं धरत गेले. पुढचे दोन्ही प्रवास मी फक्त छोट्या शहरांसाठी केले.

मोठ्या शहरात गर्दीच तुम्हाला वाट दाखवते. छोट्या शहरात तुमच्याबरोबर गाडीतून पाच-सात माणसं उतरतात, आपापल्या सायकली काढून निघून जातात आणि स्टेशनसमोरच्या चौकात तुम्ही एकटे उरता. पाट्या वाचता येत नाहीत, बस कुठली ते कळत नाही, हातात एकच दिवस असतो. त्या वेळी काय करायचं, ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे निदान दोन-तीन दिवस वाचले असते. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातली एक गोष्ट आधीच सांगते: छोट्या शहरात पहिला अर्धा तास फोनला देऊ नका, स्टेशनातल्या माहिती केंद्राला द्या.

१. घरून निघण्याआधी

जिथे जायचं आहे त्या प्रत्येक शहराचं आणि स्थळाचं नाव जपानी लिपीत फोनमध्ये उतरवून ठेवा. विकिपीडियाच्या पानावर पहिल्याच ओळीत ते असतं. रोमन लिपीतलं नाव तिथल्या वयस्कर माणसाला दाखवून फारसा उपयोग होत नाही, जपानी लिपीतलं दाखवलं की लगेच बोट दिशेकडे वळतं.

मग त्याच जपानी नावापुढे ‘कान्को मॅप’, म्हणजे पर्यटन नकाशा, हे शब्द भाषांतराच्या अ‍ॅपमधून जपानी लिपीत आणून शोधा. प्रत्येक शहराची ‘कान्को क्योकाइ’ असते, म्हणजे पर्यटन मंडळ, आणि त्यांच्या संकेतस्थळावर नकाशाची पीडीएफ बहुधा मिळतेच. इंग्रजी पानावर आठ-दहा ठळक स्थळं दाखवून काम संपवलेलं असतं. जपानी नकाशात मात्र स्वच्छतागृह, बसथांबा, सायकल कुठे मिळते, कुठल्या गल्लीतून पायऱ्या आहेत, साके म्हणजे तांदळाची दारू बनवणारी जुनी घरं कुठे आहेत, असं सगळं असतं. म्हणून दोन्ही उतरवून घ्या. छापून हवा असेल तर तिथल्या कुठल्याही मोठ्या साखळीच्या ‘कोन्बिनी’त, म्हणजे दिवसरात्र उघड्या दुकानात, छपाईचं यंत्र असतं.

काय पाहायचं, हे ठरवायला मी दोन याद्या वापरते.

पहिली यादी जतन केलेल्या जुन्या वस्त्यांची. जपानने १९७५ साली कायद्यात बदल करून एकेका इमारतीऐवजी अख्खी वस्ती राखण्याची सोय केली आणि १९७६ मध्ये पहिल्या सात वस्त्या निवडल्या. आज अशा वस्त्या १२०हून अधिक आहेत आणि त्यातल्या बहुतेक छोट्या गावांत आहेत. लोक त्यांना थोडक्यात ‘देन्केन’ म्हणतात. तुमच्या वाटेवरच्या प्रांताचं नाव आणि ‘देन्केन’ एवढं शोधलंत तरी कुठल्याही ‘टॉप टेन’ यादीत नसलेली गावं हाती लागतात.

दुसरी यादी किल्ल्यांची. जपानमध्ये किल्ल्याचा मुख्य मनोरा मूळचा, लाकडी, असा फक्त १२ ठिकाणी उरला आहे. मात्सुए, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा, मारुगामे, उवाजिमा ही त्यांतली काही शहरं. बाकी बरेचसे किल्ले विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेले आहेत. ओकायामाचा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९६६ मध्ये पुन्हा उभा राहिला. बाहेरून तो देखणाच आहे, पण एकच किल्ला आतून पाहायला वेळ असेल तर मी मूळचा निवडीन. मात्सुएच्या मनोऱ्यातले उभे लाकडी जिने आणि काळेभोर खांब पाहिल्यावर तुम्हालाही तसंच वाटेल. आणखी एक: नावाच्या शेवटी ‘आतो’ असेल तर तिथे अवशेषच आहेत असं समजा. आपल्याकडच्या गडांवर हिंडलेल्या माणसाला नुसत्या दगडी तटबंदीचं वाईट वाटणार नाही, पण मनोऱ्याची अपेक्षा ठेवून लहान मुलांना चढवत नेऊ नका.

२. कुठल्या स्टेशनवर उतरायचं

ही सगळ्यात जास्त लोकांची होणारी चूक आहे. शिन्कान्सेन, म्हणजे वेगवान गाडी, बऱ्याच छोट्या शहरांच्या बाहेरून जाते आणि तिथल्या स्टेशनच्या नावाआधी ‘शिन’ म्हणजे ‘नवं’ असं लागतं. शिन-ओनोमिची आणि ओनोमिची, शिन-कुराशिकी आणि कुराशिकी, शिन-यामागुची आणि यामागुची, ही सगळी वेगवेगळी स्टेशनं आहेत. तुम्हाला पाहायचं असलेलं जुनं गाव जवळजवळ नेहमी ‘शिन’ नसलेल्या स्टेशनपाशी असतं. सगळ्यात मोठं अंतर होक्काइदोत आहे: शिन-हाकोदाते-होकुतोला उतरल्यावर हाकोदाते शहरात जायला आणखी १८ किलोमीटर आगगाडीने जावं लागतं.

‘शिन’ नसतानाही फसगत होते. हागी शहरात ‘हागी’ नावाचं स्टेशन आहे, पण गावाचं मुख्य स्टेशन ‘हिगाशी-हागी’ हे आहे. त्या मार्गावर दिवसात मोजक्या गाड्या धावतात, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर पुढची गाडी यायला दोन-दोन तास लागू शकतात.

स्टेशन बरोबर असलं तरी बाहेर पडायची बाजू पाहा. ‘किता’ उत्तर, ‘मिनामी’ दक्षिण, ‘हिगाशी’ पूर्व, ‘निशी’ पश्चिम, आणि त्यापुढे ‘गुची’ म्हणजे दार. कुराशिकीची कालव्याकाठची जुनी वस्ती दक्षिण दाराने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मात्सुएचं माहिती केंद्र उत्तर दारासमोर आहे. उलट बाजूला उतरलात तर रुळांच्या पलीकडे यायला मोठा वळसा पडू शकतो.

३. माहिती केंद्र: पहिला अर्धा तास इथे

स्टेशनात किंवा स्टेशनला लागूनच ‘कान्को आन्नाइजो’ असतं, पर्यटकांचं माहिती केंद्र. लोक तिथून एक नकाशा उचलून निघून जातात. मी म्हणते, रांगेत उभे राहा, खिडकीशी बोला.

आधी खूण ओळखा. जपानच्या चिन्हांच्या मानकानुसार पाटीवर प्रश्नचिन्ह असेल तर तिथे उत्तर द्यायला माणूस असतो. इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असेल तर ती माहितीपत्रकांची मांडणी असू शकते, माणूस असेलच असं नाही. जपान राष्ट्रीय पर्यटन संघटना, म्हणजे जेएनटीओ, परदेशी लोकांना मदत करू शकणाऱ्या केंद्रांना मान्यता देते आणि त्यांची तीन दर्जांत विभागणी करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जाच्या केंद्रांत इंग्रजी बोलणारं कुणीतरी कायम असतं. पहिल्या दर्जाच्या केंद्रात कदाचित फोनवरून दुभाषा जोडून देतील. इंग्रजी अडखळत असलं तरी काही बिघडत नाही, कारण सगळं बोलणं नकाशावर पेनने होतं.

वेळ लक्षात ठेवा. ही केंद्रं बहुधा सकाळी साडेआठ-नऊला उघडतात आणि संध्याकाळी पाच-सहाला बंद होतात. रात्री पोचणार असाल तर हॉटेलच्या काउंटरवर तोच नकाशा मागा, तिथेही ठेवलेला असतो.

खिडकीशी गेल्यावर ‘चिझु आरिमास का?’ म्हणजे ‘नकाशा आहे का?’ एवढं विचारा. मग मी या गोष्टी मागून घेते:

- इंग्रजी नकाशा आणि जपानी नकाशा, दोन्ही. इंग्रजी तुम्हाला वाचायला, जपानी रस्त्यात कुणाला विचारायला. फक्त इंग्रजी नकाशा पुढे केला तर समोरच्या माणसाला स्वतःचं गावच त्यात सापडत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.
- बसचा मार्गनकाशा आणि त्याच मोसमाचं वेळापत्रक.
- तुम्ही उद्या जाणार असलेल्या शेजारच्या शहराची पत्रकं. बहुतेक केंद्रांत ती असतात.
- सवलतीची कूपनं. काही ठिकाणी ती नकाशाच्या कडेलाच छापलेली असतात, किंवा दोन-तीन संग्रहालयांचं एकत्र तिकीट असतं.

आता प्रश्न विचारा, आणि नेमके विचारा. ‘इथे काय पाहण्यासारखं आहे?’ असं विचारलंत तर पत्रकात छापलेलंच उत्तर मिळेल. ‘माझ्याकडे चार तास आहेत, आई बरोबर आहे, तिला पायऱ्या जमत नाहीत’ असं सांगितलंत की तीच व्यक्ती नकाशा तुमच्याकडे फिरवून पेनने एक रेघ आखते, एका देवळावर फुली मारते, दुसऱ्याभोवती गोल काढते आणि परतीच्या बसची वेळ कडेला लिहून देते. ती रेघ सोन्यासारखी आहे. मी विचारते ते प्रश्न असे: आज काय बंद आहे? शेवटची परतीची बस किती वाजता? कुठला भाग चढाचा आहे? या आठवड्यात काही फुललंय का, किंवा कुठे उत्सव आहे का? आणि शेवटी ‘ओसुसुमे वा?’ म्हणजे तुमची शिफारस काय? या शेवटच्या प्रश्नाने चेहरा खुलतो. ओनोमिचीत मला असंच एका चढावरच्या छोट्या कट्ट्याचं नाव मिळालं होतं. तिथून खाली समुद्राची पट्टी आणि समोरचं बेट दिसतं. नकाशावर त्याला नावच नव्हतं.

नकाशावर नसलेलं काही शोधत असाल तर ते इथेच विचारा. कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध देवस्थान आहे. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं. आपल्याकडून जाणाऱ्या अनेकांना तो पाहायचा असतो. ‘कोयासान दाइगाकु’ म्हणून विचारा, विद्यापीठाचा रस्ता नकाशावर दाखवून देतील. तिथे एक गोष्ट सांभाळा: केबल कारच्या वरच्या स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता फक्त बससाठी आहे, त्यावरून चालत जाता येत नाही.

सामानाचं काम याच वेळी उरका. स्टेशनात नाण्यांवर चालणारे लॉकर असतात, पण छोट्या स्टेशनात मोठ्या बॅगेचे लॉकर चार-सहाच असतात आणि सकाळी दहापर्यंत भरून जातात. भरले असतील तर केंद्रात विचारा, काही केंद्रं सामान ठेवून घेतात.

शाकाहारी असाल तर तेही इथेच बोला. नुसत्या भाज्यांच्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, आणि ते तिथे कुणाला मांसाहारी वाटत नाही. ‘शोजिन र्योरी’, म्हणजे देवळांतलं शाकाहारी जेवण, जवळपास मिळतं का ते विचारा. बहुधा आदल्या दिवशी सांगावं लागतं.

४. नकाशा वाचायचा कसा

रस्त्यातल्या फलकांवर उत्तर दिशा वर असेलच असं धरू नका. जपानमध्ये स्टेशनबाहेरचे आणि चौकातले नकाशे बहुधा तुम्ही जिकडे तोंड करून उभे आहात ती दिशा वर ठेवून लावलेले असतात. फलकासमोर उभं राहून पाहताना ते फार सोयीचं आहे, डावीकडे दाखवलेलं खरोखर डावीकडेच असतं. घोटाळा होतो तो त्याचा फोटो काढून पुढे चालायला लागल्यावर. फोटो काढायचा असेल तर कोपऱ्यातला उत्तरेचा बाण त्यात येऊ द्या. लाल खुणेशी ‘गेन्झाइची’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’.

जपानी नकाशावर जागोजागी स्वस्तिक दिसेल. ती बौद्ध देवळाची खूण आहे. त्याला ‘मान्जी’ म्हणतात आणि ते आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेने वळलेलं असतं. भारतातून बौद्ध धर्माबरोबर निघालेली ही खूण तिथे रस्त्याच्या नकाशावर रोजच्या वापरात आहे, हे मला दर वेळी मनापासून आवडतं. पाश्चात्त्य पर्यटकांचा गैरसमज होऊ नये म्हणून २०१६ मध्ये तिथल्या भूमापन संस्थेने परदेशी भाषांतल्या नकाशांसाठी त्याऐवजी पॅगोड्याचं चित्र सुचवलं. त्यामुळे एकाच देवळाला जपानी नकाशावर स्वस्तिक आणि इंग्रजी नकाशावर पॅगोडा असू शकतो. शिंतो हा जपानचा मूळचा धर्म, त्याच्या देवस्थानाची खूण वेगळी, दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली कमान. वाटीतून वर जाणाऱ्या तीन वाफा म्हणजे गरम पाण्याचे झरे. इंग्रजी ‘टी’वर आणखी एक आडवी रेघ असेल तर ते टपाल कार्यालय. ही खूण नक्की लक्षात ठेवा, कारण छोट्या गावात परदेशी कार्डावर पैसे मिळण्याची ती खात्रीची जागा असते.

नावांची शेपटं ओळखता आली की निम्मा नकाशा वाचून होतो. ‘जो’ किंवा ‘शिरो’ म्हणजे किल्ला, ‘जी’, ‘इन’ किंवा ‘तेरा’ म्हणजे बौद्ध देऊळ, ‘जिंजा’, ‘गू’, ‘ताइशा’ म्हणजे शिंतो देवस्थान, ‘हाशी’ पूल, ‘कावा’ नदी, ‘साका’ चढाचा रस्ता, ‘माची’ वस्ती. जोडशब्दात ‘कावा’चं ‘गावा’ होतं, ‘तेरा’चं ‘देरा’, ‘हाशी’चं ‘बाशी’. आपण शाळेत संधी शिकलो आहोत, ‘वाक्’ आणि ‘ईश्वरी’ मिळून ‘वागीश्वरी’. कठोर व्यंजन मृदू होण्याचा तसाच प्रकार इथेही आहे, त्यामुळे फलकावर ‘गावा’ आणि नकाशावर ‘कावा’ दिसलं तर दोन वेगळ्या जागा समजू नका.

पत्त्याचं गणित पुणेकराला सगळ्यात लवकर कळेल. जुन्या पेठांत जसा ‘अमुक नंबर, सदाशिव पेठ’ एवढाच पत्ता असतो, रस्त्याचं नाव नसतं, तसंच जपानमध्ये आहे. बहुतेक रस्त्यांना नावच नाही. आधी वस्ती, मग तिचा विभाग म्हणजे ‘चोमे’, मग घरांचा गट, मग त्या गटातला घराचा क्रमांक. १९६२ च्या कायद्याने ही क्रमवार पद्धत आणली, पण अनेक जुन्या वस्त्यांत अजून जमिनीच्या नोंदीचे जुने क्रमांक चालतात आणि तिथे १२ च्या शेजारी १३ असेलच असं नाही. म्हणून पत्त्यावरून घर शोधत हिंडू नका. जपानी लिपीतला पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवा किंवा जवळची ओळखीची खूण विचारा.

५. हागीचं उदाहरण

जुन्या नकाशाची मजा काय असते ते समजायला हागीला जा. जपान समुद्राच्या काठावर, दोन नद्यांच्या मधल्या त्रिभुज प्रदेशात मोरी घराण्याने १६०४ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. किल्ला १८७४ मध्ये पाडला गेला, पण गावाच्या गल्ल्या तशाच राहिल्या. इदो काळातला, म्हणजे १६०३ ते १८६८ मधला, नकाशा आजही चालतो, अशी या गावाची ख्याती आहे. जुन्या नकाशाची प्रत आणि आजचा नकाशा शेजारी धरून चाललात तर कुठल्या सामुराईचं घर कुठे होतं ते अजूनही जुळवता येतं. १९७६ च्या त्या पहिल्या सात वस्त्यांमधल्या दोन, होरिउची आणि हियाको, इथल्याच आहेत.

शिन-यामागुचीहून थेट बस घ्या, साधारण तासाभरात गावात पोचवते. मेइरिन गाकुशा या जुन्या लाकडी शाळेच्या इमारतीत माहिती केंद्र आहे, तिथे नकाशा घेऊन सुरुवात करा. गावात गोल फिरणाऱ्या ‘मारु बस’चे दोन मार्ग आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. मी गेले तेव्हा तिकीट १०० येन होतं. पूर्वेचा मार्ग शोका सोन्जुकुकडे जातो, मेइजी काळ, म्हणजे १८६८ नंतरचा आधुनिक जपान, घडवणारी माणसं जिथे शिकली ती छोटीशी शाळा. तिच्यासह हागीतली पाच ठिकाणं २०१५ पासून जागतिक वारशात आहेत. पश्चिमेचा मार्ग किल्ल्याच्या बाजूला.

आणि ‘कागिमागारी’ नक्की शोधा. उंच मातीच्या भिंतींमधून रस्ता एकदम काटकोनात वळतो, पुन्हा वळतो, पुढचं काहीच दिसत नाही. शत्रू गोंधळावा म्हणून मुद्दाम केलेली ती रचना आहे. भिंतींवरून नात्सुमिकानची, म्हणजे उन्हाळी संत्र्यांची, झाडं डोकावतात. मेइजी काळात पगार गेलेल्या सामुराईंच्या घरांना हाताला काम मिळावं म्हणून ती लावली गेली. इथे सायकलवरून भरकन निघून जाऊ नका, उतरून चाला.

६. बस, सायकल, पाय

छोट्या शहरातली बस बहुधा मागच्या दाराने चढायची आणि पुढच्या दाराने उतरायची असते. चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्या, ‘सेइरिकेन’ म्हणतात तिला. चालकाच्या वरच्या फलकावर तुमच्या क्रमांकाखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाका. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. १००० येनची नोट मोडायचं यंत्र शेजारीच असतं, पण ती बस थांब्यावर उभी असताना, आधीच मोडून ठेवा. मोठ्या शहरात चालणारं तुमचं प्रवासाचं कार्ड इथे चालेलच असं धरू नका.

गोल फिरणाऱ्या पर्यटक बस अनेकदा एकाच दिशेने जातात. म्हणजे जाताना दहा मिनिटं लागली तर येताना पाऊण तास लागू शकतो. जायच्या दिशेने बस आणि परतीला पाय, असा हिशेब बऱ्याचदा बरा पडतो. वेळापत्रकात ‘हेइजित्सु’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘दो-निची-शुकु’ म्हणजे शनिवार, रविवार, सुट्ट्या असे दोन रकाने असतात. चुकीचा रकाना वाचून मी एकदा डोंगरावरच्या देवळाखाली दीड तास थंडीत बसले होते. तेव्हापासून केंद्रातल्या माणसाकडूनच त्या दिवसाच्या वेळेभोवती गोल काढून घेते.

सपाट शहरात सायकल घ्या, स्टेशनजवळ भाड्याने मिळतात. मात्सुए, हागी, कुराशिकी सायकलसाठी उत्तम. ओनोमिची नाही, निदान देवळांच्या भागासाठी नाही: तिथे २५ देवळांना जोडणारी जुनी वाट डोंगराच्या उतारावरून जाते आणि सपाट दिसणाऱ्या नकाशावर शेकडो पायऱ्या कळत नाहीत. रोपवेने वर सेन्कोजीपर्यंत जा आणि उतरताना चाला. चढ-उताराची शंका असेल तर भूमापन संस्थेचा ‘चिरिइन चिझु’ हा विनामूल्य नकाशा पाहा, त्यात समोच्च रेषा असतात.

गाडी चालवणार असाल तर भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, तो जपानमध्ये चालतो आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. गाडीतल्या दिशादर्शक यंत्रात पत्ता टाकत बसण्यापेक्षा स्थळाचा फोन क्रमांक किंवा ‘मॅपकोड’, म्हणजे जागेचा ठरलेला अंकी क्रमांक, टाका, पर्यटन पत्रकात तो दिलेला असतो. वाटेत ‘मिची नो एकी’ दिसली की थांबा. रस्त्याकाठच्या अशा १२०० हून अधिक थांब्यांवर स्वच्छतागृह, स्थानिक शेतमाल आणि त्या भागाचे नकाशे मिळतात.

७. फोन कशासाठी ठेवायचा

आगगाडीच्या वेळांसाठी फोन उत्तम आहे. चालण्यासाठी बरा आहे. छोट्या गावाच्या बससाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, लहान कंपन्यांचे सगळे मार्ग त्यात असतातच असं नाही. ‘बस नाही’ असं फोन म्हणतो तिथे थांब्यावर बस उभी असते. ऑर्गॅनिक मॅप्ससारखं इंटरनेटशिवाय चालणारं अ‍ॅप घरूनच उतरवून ठेवा, डोंगरात उपयोगी पडतं.

८. बंद दारांपासून सावध

संग्रहालयं, जुनी घरं, बागांमधली चहाघरं बहुतेक सोमवारी बंद असतात. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि मंगळवारी बंद. वर्षअखेरीला, साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, खूप काही बंद असतं. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी थांबतो. म्हणून सोमवारी देवळं, तटबंदी, नदीकाठ, जुन्या गल्ल्या असं उघड्यावरचं ठेवा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यावरचे ओबोनचे, म्हणजे पितरांच्या सणाचे, दिवस टाळता आले तर टाळा, राहायला जागा मिळत नाही.

९. जवळ काय ठेवायचं

- पासपोर्ट. परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.
- १०० येनची भरपूर नाणी आणि १००० येनच्या नोटा.
- नकाशे ठेवायला पारदर्शक फाइल. पावसात कागदाचा लगदा होतो.
- स्वतःचं पेन, आणि कोरी छोटी वही. स्टेशनांत आणि स्थळांवर मोफत शिक्के ठेवलेले असतात, वहीत मारत जा. (देवळांतला ‘गोशुइन’, म्हणजे देवळाचा शिक्का, वेगळा. तो पैसे देऊन, त्याच्यासाठीच्या खास वहीत घ्यायचा असतो.)
- चार्जिंगची पॉवर बँक.
- हॉटेलचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत, कागदावर.

लहान मुलं बरोबर असतील तर ‘मॅनहोल कार्ड’ मागा. जपानमध्ये गटाराच्या झाकणांवर त्या त्या गावची फुलं, किल्ले, मासे कोरलेले असतात आणि २०१६ पासून त्यांची कार्डं मोफत वाटली जातात, स्वतः तिथे गेल्यावर, माणशी एक. बऱ्याचदा ती माहिती केंद्रातच मिळतात. कार्डावर झाकणाचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात. माझ्या भाच्याने मात्सुएत ते फोनमध्ये टाकून झाकण शोधून काढलं, आणि त्या शोधात आम्ही ज्या गल्लीत गेलो ती एरवी कधीच पाहिली नसती.

१०. तरीही वाट चुकलात तर

‘कोबान’ शोधा, म्हणजे चौकातली पोलीस चौकी. दारावर लाल दिवा असतो. आपल्याकडे पोलिसांना रस्ता विचारायला जरा संकोच वाटतो, तिथे ते त्यांच्या रोजच्या कामातलंच एक काम आहे. आत त्या भागाचा मोठा, घरनिहाय नकाशा असतो आणि ते तुम्हाला त्यावर बोट ठेवून दाखवतात. चौकी रिकामी असेल तर आत बहुधा फोन ठेवलेला असतो.

भाषेची अडचण फारच झाली तर जेएनटीओची पर्यटक मदतवाहिनी आहे, क्रमांक ०५०-३८१६-२७८७. दिवसरात्र, वर्षभर, इंग्रजीत बोलता येतं. हॉटेलवाला किंवा बसचालक समोर असेल तर फोन त्याच्या हातात द्या, पलीकडची व्यक्ती दोन्ही बाजूंनी बोलून देते. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९. हे तिन्ही क्रमांक निघण्याआधी नकाशाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी कागद हातात असतो.